उशिरा आलेला बर्फ : गुलमर्ग, फेब्रुवारी २०२५

गुलमर्गमध्ये २२ फेब्रुवारीपासून भरणाऱ्या 'खेलो इंडिया' हिवाळी क्रीडा स्पर्धा पुरेशा बर्फाअभावी पुढे ढकलल्याची बातमी आली, तेव्हा आमची विमानाची तिकिटे काढून झालेली होती. माझी भाची मनालीला स्कीइंगचा प्राथमिक अभ्यासक्रम करून आलेली, त्यामुळे तिची निराशा झाली. मला मात्र वेगळेच कुतूहल होते. डोंगरावर बर्फ कमी असला की हिमस्खलनाचा धोकाही कमी, असे आपल्याकडचे बहुतेक गिर्यारोहक धरून चालतात आणि जाणकार मात्र नेमके उलटे सांगतात. हे उलटे गणित प्रत्यक्ष पाहायला असा हिवाळा पुन्हा मिळेल की नाही, कोण जाणे, म्हणून बेत रद्द न करता आम्ही दोघे निघालो.

त्या हिवाळ्याची पार्श्वभूमी आधी सांगितली पाहिजे, कारण पुढचे सगळे तिच्यावरच उभे आहे. डिसेंबर कडाक्याचा गेला होता. २१ डिसेंबर २०२४ च्या पहाटे श्रीनगरचे तापमान उणे ८.५ अंशांवर उतरले आणि डिसेंबरातली इतकी थंड रात्र तिथे सुमारे पन्नास वर्षांत झाली नव्हती. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात खोऱ्यात भरपूर बर्फ पडला. त्यानंतर मात्र आभाळ जणू रुसले. जानेवारीत किरकोळ भर पडली, बाकी निरभ्र रात्री आणि उबदार दुपारी. फेब्रुवारी तर देशभराच्या सरासरीने १९०१ पासूनचा सर्वांत उष्ण फेब्रुवारी ठरल्याचे हवामान विभागाने पुढे जाहीर केले. अनंतनाग जिल्ह्यातला अचबलचा मोगलकालीन बागेतला झरा त्याच महिन्यात आटला होता.

२२ फेब्रुवारी : श्रीनगर ते गुलमर्ग

टंगमर्गपासून गुलमर्गचा तेरा किलोमीटरचा घाट सुरू होतो. एरवी फेब्रुवारीत इथे गाडीच्या चाकांना साखळ्या बांधाव्या लागतात किंवा चारही चाकांना जोर देणारी गाडी करावी लागते. आमची साधी गाडी एकाही साखळीवाल्याला न विचारता वर पोहोचली. रस्ता कोरडा होता, देवदारांच्या सावलीत तेवढे मळकट बर्फाचे पट्टे उरले होते आणि साखळ्या भाड्याने देणारी मुले उन्हात बसून पत्ते खेळत होती.

गुलमर्ग सुमारे २,६५० मीटर उंचीवर आहे. तिथल्या विस्तीर्ण कुरणात जागोजागी पिवळे गवत उघडे पडले होते. आदल्या दोन-तीन दिवसांत झालेल्या हलक्या हिमवर्षावाने त्यावर पातळ पांढरा हात फिरवला होता, एवढेच. स्लेज ओढणारे लोक पर्यटकांना हाका मारत होते, पण त्या हाकांत जोर नव्हता. काश्मीरमध्ये २१ डिसेंबरपासूनच्या चाळीस दिवसांना 'चिल्लई कलान' म्हणतात, त्यानंतर वीस दिवसांचा 'चिल्लई खुर्द' आणि शेवटी दहा दिवसांचा 'चिल्लई बच्चा' येतो. चिल्लई कलानमध्ये पडलेला बर्फच उन्हाळ्यापर्यंत टिकतो, नंतरचा पाहुण्यासारखा येतो आणि जातो, असे आमचे गाइड पहिल्याच भेटीत म्हणाले. पन्नाशी ओलांडलेले, टंगमर्गजवळच्याच गावचे, स्कीइंग शिकवणारे आणि बर्फावर वाट दाखवणारे असे ते गृहस्थ. भाचीला ते 'बेटा' म्हणत आणि मला 'साहब'. आम्ही कशासाठी आलो आहोत हे ऐकल्यावर ते जरा थबकले आणि म्हणाले, "लोक बर्फावर काय करता येईल ते विचारतात. बर्फाखाली काय आहे, ते कोणी विचारत नाही. उद्या खड्डा खणू."

२३ फेब्रुवारी : खिलनमर्गचा खड्डा

खिलनमर्ग हे गुलमर्गच्या वरच्या अंगाला, अफरवट शिखराच्या पायथ्याशी असलेले कुरण. तिथपर्यंत आम्ही चालत गेलो. गाइडनी उत्तरेकडे तोंड असलेला, सावलीतला, पण फारसा तीव्र नसलेला एक उतार निवडला. खड्डा खणण्याची जागा धोकादायक उताराशी मिळतीजुळती हवी, मात्र स्वतः धोकादायक नको, हा पहिला धडा. मापाची काठी खुपसली तर सत्तर सेंटीमीटरवर जमीन लागली.

फावड्याने बर्फाची भिंत सरळ कापून काढल्यावर तिचे थर दिसू लागले. सर्वांत वर बोटभर नवा भुसभुशीत बर्फ. त्याखाली एक टणक, किंचित चकाकणारे कवच, जे दुपारच्या उन्हाने वितळून रात्री पुन्हा गोठल्याने तयार झाले होते. त्याखाली आणखी एक तसेच, पण पातळ. आणि या सर्वांखाली, जमिनीपर्यंतच्या जवळजवळ निम्म्या उंचीत, डिसेंबरचा बर्फ. गाइडनी तो मुठीत घेऊन दाबला. त्याचा गोळा झाला नाही. जाड्या रव्यासारखा तो बोटांमधून खाली ओघळला. भिंगातून पाहिल्यावर प्रत्येक दाण्याला कोन होते, पैलू होते आणि काहींवर बारीक रेषा होत्या.

असे दाणे कसे बनतात, याचे उत्तर तापमानात आहे. बर्फाखालची जमीन साधारण शून्य अंशावर राहते, कारण वरचा बर्फच तिला पांघरूण घालतो. निरभ्र रात्री बर्फाचा पृष्ठभाग मात्र आपली उष्णता आकाशाकडे सोडून देतो आणि उणे दहा-पंधरा अंशांपर्यंत सहज उतरतो. बर्फाचा थर अडीच मीटर जाड असेल तर उणे पंधराचा हा फरक अडीच मीटरांत विभागला जातो, म्हणजे दर मीटरला सहा अंश. तोच थर सत्तर सेंटीमीटरचा असेल तर दर मीटरला वीस अंशांहून अधिक. दर मीटरला सुमारे दहा अंशांची मर्यादा ओलांडली की खालच्या उबदार दाण्यांवरून निघालेली वाफ वेगाने वर सरकते, वरच्या थंड दाण्यांवर गोठते आणि गोल, एकमेकांना चिकटलेल्या दाण्यांच्या जागी हे सुटे, पैलूदार दाणे वाढू लागतात. म्हणजे बर्फ कमी पडला, तेवढ्यानेच तो आतून कच्चा होत जातो. जाड थरात नेमके याच्या उलट घडते, दाणे गोलावतात आणि एकमेकांत रुजतात. 'कमी बर्फ म्हणजे कमी धोका' हा समज खोटा ठरतो तो इथे.

यानंतर चाचणी झाली. भिंतीपासून तीस सेंटीमीटर लांबी-रुंदीचा एक खांब चारही बाजूंनी मोकळा केला, त्यावर फावडे आडवे ठेवले आणि गाइडनी आधी मनगटापासून दहा, मग कोपरापासून दहा, मग खांद्यापासून दहा अशा थापा मारायला सुरुवात केली. कोपरापासूनच्या चौथ्या थापेला खांबाचा वरचा भाग खालच्या दाणेदार थरावरून सफाईने पुढे सरकून आमच्या पायाशी पडला.

"मग आज हा उतार धोक्याचा आहे का?" भाचीने विचारले. गाइड हसले. कच्च्या थरावर अजून ओझे नाही, असे ते म्हणाले. स्लॅब, म्हणजे एकसंध, ताणला जाणारा वरचा थर, पुरेसा जाड असेल तेव्हाच एका ठिकाणची फट दूरवर धावते आणि अख्खा उतार सुटतो. आज वर दोन पातळ कवचे आणि बोटभर भुगा. बंदूक भरलेली आहे, पण अजून घोडा ताणलेला नाही. "मोठा बर्फ पडला की मला याची आठवण करून द्या," ते म्हणाले. मला वाटते, आठवण करून देण्याची गरज त्यांना नव्हती, आम्हाला होती.

२४ फेब्रुवारी : कोंगडूरी आणि अफरवट

गंडोल्याचा, म्हणजे इथल्या रोपवेचा, पहिला टप्पा गुलमर्गपासून कोंगडूरीपर्यंत, म्हणजे सुमारे ३,१०० मीटरपर्यंत जातो. दुसरा टप्पा अफरवटच्या खांद्यावर जवळजवळ ४,००० मीटरवर नेऊन सोडतो. पहिला टप्पा १९९८ मध्ये सुरू झाला आणि दुसरा २००५ मध्ये. या दुसऱ्या टप्प्याने गुलमर्गची ओळखच बदलली, कारण चालत दिवसभर लागेल अशा उंचीवर आता कोणीही काही मिनिटांत पोहोचू शकतो, त्याला बर्फाचे काही कळत असो वा नसो.

वर हवा स्वच्छ होती. उत्तरेला नंगा पर्वत स्पष्ट दिसत होता आणि पर्यटकांची गर्दी त्याच्याकडे पाठ करून छायाचित्रे काढण्यात गुंतली होती. गाइडनी आम्हाला दोन प्रदेश समजावून दिले. गंडोल्याच्या तारेखालचा वाडग्यासारखा उतार गस्ती पथकाच्या देखरेखीखाली असतो, पथक तो तपासून मग उघडते किंवा बंद ठेवते. त्याच्या दोन्ही बाजूंना पसरलेल्या घळी आणि कडे कोणाच्याच देखरेखीखाली नाहीत, तिथे जाणारा आपल्या जबाबदारीवर जातो. त्यांतल्या हापतखुडकडे त्यांनी बोट दाखवले. १ फेब्रुवारी २०२३ रोजी तिथे सुटलेल्या हिमस्खलनात पोलंडचे दोन स्कीइंग करणारे गेले. २२ फेब्रुवारी २०२४ रोजी खिलनमर्गच्या वरच्या अंगाला एक रशियन गेला, आणि तोही हिवाळा असाच होता, जानेवारी जवळजवळ कोरडा आणि मग फेब्रुवारीत मोठा बर्फ. त्याआधी २०१० च्या फेब्रुवारीत लष्कराच्या उंच पर्वतीय युद्ध प्रशिक्षण शाळेच्या जवानांची तुकडी खिलनमर्गला सरावात असताना गाडली गेली होती. ज्यांचे आयुष्यच बर्फावर जाते, त्यांनाही तो सोडत नाही.

उतारांचा कोन मोजायला भाचीच्या फोनमध्ये साधन होते. बहुतेक स्लॅब हिमस्खलने तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारांवर सुटतात. त्याहून सपाट जागी बर्फ सरकत नाही, त्याहून उभ्या जागी तो साठण्याआधीच घसरून जातो. गंमत अशी, की स्कीइंगला सर्वांत आनंद देणारे उतारही याच पट्ट्यात येतात. शिवाय इथला वारा मुख्यतः पश्चिमेकडून येतो, डोंगराच्या कण्यावरचा बर्फ उचलतो आणि गुलमर्गच्या बाजूच्या, पूर्वेकडे व ईशान्येकडे तोंड असलेल्या उतारांवर आणून टाकतो. त्यामुळे आकाशातून एक फूट पडला तरी त्या घळींत दोन-तीन फूट साठलेला असू शकतो.

दुपारी बाराच्या सुमारास उन्हाकडे तोंड असलेल्या उतारांवर वेगळाच प्रकार दिसू लागला. खडकांच्या बुडाशी तापलेला बर्फ सुटत होता, लहान गोळे गरगरत खाली येत होते आणि त्यांच्या मागे बारीक चरे उमटत होते. मी बर्फ मुठीत दाबला तर हातमोजा ओला झाला. पाणी मुरू लागले, की दाण्यांमधले गोठलेले सांधे विरघळतात आणि दिवसभर घट्ट वाटणारा थर तासाभरात लापशी होतो. गाइडच्या म्हणण्याप्रमाणे हे दृश्य पूर्वी मार्चअखेरचे होते. आम्ही लगेच उतरलो. संध्याकाळी मावळतीकडे पातळ ढगांचे तंतू पसरले होते आणि सूर्याभोवती खळे पडले होते.

२५ फेब्रुवारी

सकाळपासून आभाळ भरलेले. खाली टंगमर्गला पाऊस आणि गुलमर्गला पाऊस-बर्फाची सरमिसळ होती. संध्याकाळी मोठे, ओलसर पुंजके पडू लागले. हॉटेलातले सगळे पाहुणे बाहेर येऊन नाचले. नोकरवर्गही नाचला, आणि त्यांचा आनंद अधिक खरा होता, कारण त्यांचा हंगाम वाचत होता.

२६ फेब्रुवारी : महाशिवरात्र

रात्रभर पडून सकाळी गुडघ्याच्या खालपर्यंत बर्फ साचला आणि पडायचे थांबले नाही. आपल्याकडे ज्यांना पश्चिमी झंझावात म्हणतात, त्या प्रणाली भूमध्य समुद्राच्या बाजूने इराण-अफगाणिस्तानवरून येतात, वाटेत कॅस्पियन आणि अरबी समुद्राची वाफ उचलतात आणि हिमालयाला अडून ती रिती करतात. काश्मीरचा हिवाळी बर्फ जवळजवळ सगळा यांच्यावर अवलंबून असतो. त्या वर्षी त्या जानेवारीभर दुबळ्या राहिल्या आणि आता एक बलवान प्रणाली आली होती.

बर्फ ओला पडत होता आणि तापमान शून्याच्या आसपास होते. मी गाइडना म्हटले, की ओला बर्फ जुन्या कवचाला छान चिकटेल, म्हणजे बरेच झाले. त्यांनी माझे म्हणणे अर्धे मान्य केले. सुरुवातीचा बर्फ ओला आणि नंतरचा थंड असेल तर नवा थर आणि जुना पृष्ठभाग यांचा सांधा चांगला जमतो, हे खरे. पण या वर्षी कच्चा भाग त्या सांध्यात नाहीच, तो आणखी खाली, जमिनीलगत आहे. नवा बर्फ कवचाला जितका घट्ट चिकटेल, तितकी त्या रवाळ थरावर एकच एक जड स्लॅब तयार होईल. आणि ओला बर्फ वजनाला भारी असतो. कोरड्या ताज्या बर्फाचे एक घनमीटर पन्नास ते शंभर किलोंचे असते, तर ओलसर बर्फाचे त्याच्या दुप्पट-तिप्पट सहज भरते. त्या घटकेला मला सत्तर सेंटीमीटरची ती भिंत डोळ्यांपुढे दिसली आणि आतापर्यंत वाचलेले सगळे एका जागी बसले.

गंडोल्याचा वरचा टप्पा बंद होता. पर्यटकांनी खिडकीशी वाद घातला. एवढ्या लांबून आलो, बर्फ नव्हता तेव्हा बर्फ नव्हता आणि आता आहे तर वर सोडत नाहीत, अशी त्यांची तक्रार होती. ऐकताना ती रास्त वाटते, हेच तिचे वाईट आहे.

२७ फेब्रुवारी

आता बर्फ मांडीपर्यंत आला होता आणि थंडी वाढून तो कोरडाही पडू लागला होता. कण्यावर वारा घोंघावत असल्याचे ढगांच्या पळण्यावरून कळत होते. दुपारी जोर थोडा कमी झाल्यावर आम्ही कुरणाच्या सपाट भागात चालायला गेलो. गाइड पुढे होते. अचानक पायाखालून 'भप्' असा दबका, खोल आवाज आला आणि आमच्याभोवतीचा सगळा पृष्ठभाग दोन-तीन सेंटीमीटर खाली बसला. भाची जागच्या जागी थिजली. सपाटीवर यापुढे काही होत नाही, पण हा आवाज म्हणजे खालचा कच्चा थर कोसळल्याची आणि ती पडझड आडवी धावत गेल्याची खूण असते. तीस अंशांच्या उतारावर हाच आवाज ऐकू आला असता, तर पुढचे ऐकायला वेळ मिळाला नसता. युरोप-अमेरिकेतल्या अपघातांच्या नोंदी सांगतात, की सापडलेल्यांपैकी बहुतेकांच्या बाबतीत ते स्खलन त्यांनी स्वतः किंवा त्यांच्या सोबत्यांनीच सुरू केलेले असते.

संध्याकाळी हॉटेलमागे शोधाचा सराव केला. प्रत्येकाच्या अंगावर बांधायचा ट्रान्सीव्हर ४५७ किलोहर्ट्झवर संदेश सोडत राहतो. कोणी गाडले गेले, की उरलेल्यांनी आपली यंत्रे शोधाच्या स्थितीत आणून त्या संदेशाच्या मागावर जायचे, लांब काठीने टोचून नेमकी जागा ठरवायची आणि मग खणायचे. भाचीने पिशवीत लपवलेले यंत्र चार मिनिटांत शोधले आणि खणायला मात्र आम्हा दोघांना त्याच्या तिप्पट वेळ लागला. नव्याने पडलेला बर्फ हलवून पुन्हा बसला, की विटेइतका टणक होतो. गाडल्या गेलेल्यांपैकी पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर निघालेले बहुतेक वाचतात, त्यानंतर मात्र ती शक्यता झपाट्याने घसरते. बाहेरून मदत येईपर्यंत हा वेळ संपलेला असतो, म्हणून फावडे सोबत्याच्याच पाठीवर असावे लागते.

भारतात हिमस्खलनाचे इशारे चंदीगडच्या संरक्षण भू-माहितीशास्त्र संशोधन संस्थेकडून येतात. मनालीची जुनी हिम व हिमस्खलन अभ्यास संस्था २०२० मध्ये हिच्यातच विलीन झाली. जिल्ह्याचे नाव, उंचीची मर्यादा, धोक्याची पातळी आणि चोवीस तासांची मुदत, इतके थोडक्यात हे इशारे असतात. त्या संध्याकाळी चोवीस तासांसाठीचा असाच एक इशारा उत्तराखंडच्या उंच जिल्ह्यांसाठी निघाला होता, त्यांत चमोली होता. आमच्या कानावर तो दुसऱ्या दिवशी आला.

२८ फेब्रुवारी

सकाळी वीज गेलेली, फोन जेमतेम चालू. जम्मू-श्रीनगर महामार्ग दरडी आणि घरंगळणाऱ्या दगडांमुळे बंद असल्याचे समजले. खाली खोऱ्यात पाऊस, वर बर्फ आणि मधल्या पट्ट्यात घसरणारी माती, असे उबदार वादळाचे तीन मजले एकाच वेळी दिसत होते.

दुपारी बातमी आली, की बद्रीनाथच्या पुढे माणा गावाजवळ सीमा रस्ते संघटनेच्या कामावरच्या मजुरांच्या छावणीवर पहाटेनंतर हिमस्खलन आदळले आहे. माणा सुमारे ३,२०० मीटर उंचीवर आहे. मजूर लोखंडी कंटेनरांत राहत होते. सुरुवातीला आकडा पंचावन्न सांगितला गेला, नंतर तो चोपन्न निश्चित झाला. आमच्यावर बर्फ ओतणारा झंझावात आणि तिथला झंझावात एकच होता.

गाइड बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, की स्कीइंग करणारा वर जायचे की नाही हे ठरवू शकतो, रस्त्याच्या कामावरचा माणूस कुठे झोपायचे हे ठरवत नाही. हिमस्खलनाविषयी आपण जे वाचतो, ते बहुतांशी हौशी लोकांसाठी लिहिलेले असते. खड्डा खणा, कोन मोजा, परत फिरा. हिमालयात मात्र मरणारे बरेचदा जवान, मजूर आणि घाटात अडकलेले प्रवासी असतात. त्यांच्यासाठी प्रश्न छावणी कोणत्या घळीच्या तोंडाशी आहे आणि इशारा आल्यावर ती कोण हलवणार, हा असतो. माझ्या मते इशारा देण्याचे शास्त्र आपल्याकडे त्यावर अंमल करण्याच्या व्यवस्थेच्या बरेच पुढे गेले आहे.

१ मार्च

उघडीप झाली आणि लख्ख ऊन पडले. अशा सकाळी गुलमर्ग जितके सुंदर दिसते, तितकेच ते अविश्वसनीय असते. झंझावातानंतरचा पहिला निरभ्र दिवस हा जगभर अपघातांचा दिवस मानला जातो. बर्फ ताजा, लोक उतावीळ आणि स्लॅब अजून ताणातच. त्यात मार्चचे ऊन. वर आलेली एक परदेशी तुकडी बाजूच्या घळींत जाण्यासाठी आमच्या गाइडना जास्त पैसे देऊ करत होती. त्यांनी हात जोडून नकार दिला आणि आमच्याबरोबर कुरणातच थांबले.

दुर्बिणीतून अफरवटच्या उतारांकडे पाहत आम्ही सकाळ घालवली. एका वाडग्याच्या वरच्या कडेला, कण्याच्या जरा खाली, आडवी, करवतीने कापल्यासारखी सरळ रेषा होती आणि तिच्याखाली मोकळा झालेला मळकट पट्टा. रात्रीतून ते आपोआप सुटले होते. पट्ट्यात गवताचा रंग दिसत होता. म्हणजे सुटले ते केवळ नवे बर्फ नव्हते, जमिनीपर्यंतचा सगळा थर गेला होता. २३ तारखेच्या खड्ड्यात हाताला लागलेला डिसेंबर तिथे उघडा पडला होता. भाची म्हणाली, "मामा, हे सगळं आपल्याला आठवडाभर आधी माहीत होतं." माहीत होते खरे, पण कोणता उतार आणि कोणती रात्र, हे नाही. खड्डा एका जागेची गोष्ट सांगतो आणि शंभर मीटरांवर वाऱ्याने दुसरीच लिहिलेली असते.

अकरानंतर देवदारांवरून ओल्या बर्फाचे गठ्ठे धपाधप पडू लागले आणि दुपारी दोनपर्यंत रस्त्याकडेच्या चाऱ्यांतून पाणी वाहत होते.

२ मार्च : परत

उतरताना गाडीला साखळ्या बांधाव्या लागल्या. घाटाच्या वरच्या वळणांवर डोंगर कापलेल्या बाजूने लहान ओली स्खलने रस्त्यावर आली होती, गुडघाभर उंचीचे, गोळ्यागोळ्यांचे, चिखलमिश्रित ढीग. यंत्रे ते बाजूला सारत होती. ओले स्खलन कोरड्यापेक्षा सावकाश येते, पण ते पाण्याने जड असते आणि थांबताच घट्ट होते. टंगमर्गच्या खाली सगळे पुन्हा हिरवे-तपकिरी. श्रीनगरला पोहोचेपर्यंत माणाचे शोधकार्य संपल्याची बातमी आली. शेहेचाळीस जण वाचले, आठ गेले. कंटेनर घरंगळले तरी त्यांच्या लोखंडी भिंतींनी आत हवा धरून ठेवली, म्हणून इतके वाचले, असे सांगितले जात होते.

पुढे ढकललेल्या स्पर्धा ९ ते १२ मार्चला गुलमर्गमध्ये पार पडल्या. एप्रिलमध्ये काठमांडूच्या आयसीमोड या हिमालयी पर्वतप्रदेशाचा अभ्यास करणाऱ्या संस्थेने जाहीर केले, की हिंदुकुश-हिमालय पट्ट्यात त्या हिवाळ्यात बर्फ जमिनीवर टिकून राहण्याचे प्रमाण नेहमीपेक्षा २३.६ टक्क्यांनी कमी होते आणि तेवीस वर्षांतले ते सर्वांत कमी होते. फेब्रुवारीअखेरच्या त्या मुसळधार आठवड्यानेही तूट भरून निघाली नव्हती. मार्चच्या मध्यावर गाइडना फोन केला, तेव्हा ते पहाटे पाचला पाहुण्यांना घेऊन निघतात आणि दहाच्या आत सर्वांना खाली आणतात, असे कळले. खालचा रवाळ थर आता भिजून गोठू लागला आहे का, असे भाचीने विचारले. सावलीच्या बाजूला अजून तसाच आहे, म्हणाले, आणि त्या बाजूला या हंगामात आपण कोणालाही नेणार नाही.